कठड्याला बांधलेला दोर

“लोंबलं का अडकलं, बाबू.”

हे त्यांचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या मफलरबद्दल. पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असेल. भंडाऱ्याच्या पाटबंधारे ऑफिसात मी भांडार-कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. थंडीचे दिवस, आणि गळ्यात नवा कोरा, गुडघ्यापर्यंत पोचणारा मफलर. समोरून रुंद खांद्यांचा, चाळिशीतला एक माणूस आला. त्याने मफलरची दोन्ही टोकं उचलली, माझ्या स्वेटरच्या आत खोचली, वरून दोनदा थोपटलं आणि ‘लोंबेल ते अडकेल’ अशा अर्थाचं हे वाक्य टाकून तो निघून गेला. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मी शिपायाला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, “आपला डुबकीवाला भाऊ. पाण्याच्या बाहेर असला का असंच करते तो.”

सरकारी कागदावर त्यांचं पद ‘पाणबुड्या’ असं होतं. अख्ख्या जिल्ह्यात ते पद एकच आणि माणूसही एकच. पवनीकडच्या कोंढ्याचे. तरुणपणी नौदलात गेले, तिथे पाण्याखाली काम करायला शिकले, डाव्या कानाचा पडदा तिथेच ठेवून आले. आमच्याकडे धरणाच्या दारांच्या चौकटी तपासणं, पुलांचे पाय पाण्याखाली कुठे उघडे पडलेत ते पाहणं, ही त्यांची कामं. आणि कोणी बुडालं तर पोलिसांची जीप यायची, ते वेगळंच.

तुम्ही डोंबारी पाहिले असतील, गारुडी पाहिले असतील. पण पाणबुड्या अंगावर सामान चढवतो ते पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. पाठीवर सिलिंडर. तो भरून आणायला नागपूरला पाठवावा लागे आणि परत येईतो आठवडा जाई. कमरेला शिशाचा पट्टा, तो सर्वांत शेवटी, कारण जिवावर बेतलं तर सर्वांत आधी तोच सोडायचा. चाकू डाव्या पोटरीवर, तोही आतल्या बाजूने. बाहेरच्या बाजूने असला तर वेलीत, जाळ्यात अडकतो. टॉर्च उजव्या खांद्याला. हवा किती उरली ते दाखवणाऱ्या घड्याळाची नळी डाव्या बरगडीला चिकटवलेली. ती चिकटवायला त्यांनी काय वापरलं असेल? सायकलची ट्यूब! बसस्टँडजवळचा सायकलवाला फाटक्या ट्यूबा त्यांच्यासाठी ठेवून द्यायचा. भाऊ कात्रीने त्यांच्या बोटभर रुंद कड्या कापायचे आणि जिथे जिथे काही हलतंय तिथे तिथे त्या चढवायचे. हूक मोहाडीच्या बाजारातून आणलेले, म्हशीच्या साखळीचे, पितळी. खात्याने पाठवलेले चकचकीत हूक त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवले होते.

“हे तुमच्या भांडारात राहू द्या, बाबू.”

“का हो भाऊ? नवे आहेत की.”

“हा आपल्या आपण उघडते. दोर लागला का गिळून घेते. म्हशीचा हूक बरा. तुमी उघडल्याबिगर उघडत नाही.”

सगळं चढवून झालं की ते डोळे मिटून उभे राहत. मग दोन्ही हात अंगावरून फिरत. खांदा, बरगडी, कंबर, पोटरी. ओठ हलत. कारध्याच्या पुलावर जमलेल्या बायकांना वाटे, माणूस देवाचं नाव घेतोय. त्याही हात जोडून उभ्या राहत. एकदा एका म्हातारीने त्यांच्या पायावर नारळ फोडायची तयारी केली होती. भाऊ मात्र त्या वेळी “टारच, घडी, पट्टा, चाकू” एवढंच म्हणत असत. वैनगंगेच्या गढूळ पाण्यात दोन हात खाली गेलं की डोळ्यांचं काम संपतं. तिथे हातच पाहतो. “हात लावला का सापडलं पाह्यजे,” हे त्यांचं दुसरं वाक्य. सापडलं नाही तर ती वस्तू तुमच्याजवळ नाहीच, मग ती कितीही पक्की बांधलेली असो.

नव्या कारकुनाचा उत्साह काय असतो, ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको. मी रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात भांडार शिस्तीत लावलं. भाऊंचं सामान एका खुंटीवर गाठोड्यासारखं टांगलेलं होतं, ते सोडवलं. टॉर्च इतर टॉर्चांच्या फळीवर, चाकू विळे-कोयत्यांत, पट्टा वजनमापांत, दोर दोरांत. प्रत्येकावर चिठ्ठी. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी भाऊ आले, फळ्यांवरून नजर फिरवली आणि मटकन स्टुलावर बसले.

“बाबू, माणसाचे हात एका कपाटात, पाय दुसऱ्या कपाटात ठेवसान का तुमी?”

मग त्यांनी चुलीतला कोळसा मागवला आणि भांडाराच्या पांढऱ्या भिंतीवर स्वतःच्या उंचीचा माणूस काढला. नुसती बाह्यरेषा. त्याच्या खांद्याला खिळा, बरगडीला खिळा, पोटरीला खिळा. जी वस्तू अंगावर जिथे, ती भिंतीवर तिथेच. मेकॅनिकने एकदा गमतीने त्या माणसाला मिशा काढल्या. भाऊंनी ओल्या फडक्याने पुसल्या. तपासणीला आलेले एक साहेब दार उघडताच दचकले आणि “हा कोण?” असं ओरडले. मी अदबीने सांगितलं, “पाणबुड्या, सर.” साहेबांनी वहीत काय लिहिलं ते कळलं नाही, पण पुन्हा ते भांडारात आत आले नाहीत.

त्या भिंतीमुळे आमची ओळख झाली. आणि ओळख झाली म्हणून दोर माझ्या हाती आला.

पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला एक दोर असतो आणि त्याचं दुसरं टोक वर कोणाच्या तरी हातात असतं. माझ्याआधी जो मोकळा दिसेल तो धरायचा. कोणी बिडी ओढत धरी, कोणी गप्पा मारत. भाऊंनी एक दिवस माझ्यासमोर टोक धरलं आणि म्हणाले, “तुमची नजर इकडंतिकडं जात नाही. घ्या.” मग शिकवणी झाली. एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे ढील द्या. तीन म्हणजे येऊन राहिलो. चार म्हणजे ओढा, सगळं सोडून ओढा. दर पाच मिनिटांनी मी वरून एक झटका द्यायचा, म्हणजे ‘ठीक?’ आणि खालून एक यायचा, म्हणजे ‘ठीक.’

काय सांगू तुम्हाला, त्या एका झटक्याची मजा! जमिनीवर हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलत नसे. कान गेलेला, म्हणून डावी बाजू भिंतीला लावून बसायचा, आणि भिंत नसली की गप्प. पण पाण्यातून त्यांचा झटका यायचा तो इतका खुशालीचा, की मी पुलावर एकटाच हसायचो. कधी मी तीनच मिनिटांत विचारी. मग खालून झटका जरा जोरात येई. ‘विचारलं ना आत्ताच!’ असं तो म्हणतोय, हे मला कळायचं. वर आले की म्हणत, “बाबू, आज लय बोलले तुमी.”

घरी त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. लग्न झालं होतं. बायको मोहाडीकडची, बोलकी, हसरी होती म्हणतात. पण हा माणूस बुडालेल्यांना बाहेर काढून घरी यायचा. ती ताट वाढताना विचारायची, “आज कोणाले हात लावला?” यांना खोटं बोलता येत नसे. एका वर्षी ती माहेरी गेली आणि आलीच नाही. त्याबद्दल ते एवढंच बोलले, “तिचा दोष नाही. मलेबी जेवण जात नव्हतं.” लोकांची तर गंमतच. घाटावर रडत रडत त्यांच्या पाया पडणारे, आठवड्याने हाटेलात ते शेजारी बसले की बाकावरून हळूच सरकायचे. कोणी म्हणे प्रेतांना हात लावतो म्हणून. दुसरंही एक कारण होतं, छप्पन्न सालानंतर ज्यांच्या घरी बुद्धाची तसबीर लागली त्या सगळ्यांच्या वाट्याला येणारं. ते कोणी तोंडाने म्हणत नसे. मला ते ठाऊक होतं आणि मीही म्हणत नव्हतो. भाऊ चहा घेत, कप स्वतः विसळत आणि उठत.

दर दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पहाटेची एसटी. त्यांचा सण म्हणजे तोच. आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या ऑफिसात शस्त्रपूजा असे. जीपच्या बॉनेटपासून पान्या-हातोड्यांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, लाल दोरा. पहिल्याच वर्षी ते मला सांगून गेले, “बाबू, भिंतीवरच्या सामानाले काही लावू देऊ नोका. चिकट होते. तुमचा देव तुमच्याजवळ, माझं सामान माझ्याजवळ.” मी शब्द दिला. दोन दसरे तो पाळलाही.

तिसऱ्या वर्षी पाळला नाही.

त्या पावसाळ्यात एकदा ते धरणाच्या दाराशी फार वेळ खाली राहिले होते. माझ्या झटक्याला उत्तर आलं नव्हतं. नंतर कळलं की दोर दगडाला घासून अडला होता, बाकी काही नव्हतं. पण ती चार मिनिटं मी विसरू शकलो नाही. मी घरी बोललो. आई म्हणाली, “त्याच्या अंगावर देवाचं काही असू दे रे. तो मानत नसला तरी देव मानते त्याले.” दसऱ्याच्या दिवशी पूजा झाली. हातात पूजेतला लाल दोरा उरला होता. भांडारात कोणी नव्हतं. भिंतीवरच्या पोटरीला चाकू म्यानात टांगलेला होता. म्यानाच्या तोंडाशी चाकू धरून ठेवणारी रबरी कडी चिरलेली दिसली. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. चाकू पडणार नाही आणि देवही सोबत राहील. कडीवरूनच दोऱ्याचे पाच-सहा वेढे घेतले, गाठ मारली आणि टोकं आत खोचली. लोंबू नयेत म्हणून. एवढी त्यांची शिकवण मी पाळली.

दुसऱ्या दिवशी दुर्गेचं विसर्जन. दुपारी जीप आली. कारध्याच्या पुलाजवळ मूर्तीबरोबर पाण्यात उतरलेला एक तरुण वर आला नव्हता. भाऊ आदल्या रात्रीच नागपूरहून परतले होते. सामान मीच भिंतीवरून उतरवून जीपमध्ये टाकलं. घाटावर त्या तरुणाचे वडील भाऊंचे हात सोडत नव्हते. “भाऊ, लवकर! भाऊ, लवकर!” तशा गर्दीत त्यांनी डोळे मिटले, हात फिरवले. पोटरीला हात लागला, चाकू जागेवर होता, कडीही जागेवर होती. तेवढ्यात वडिलांनी पुन्हा ओढलं. ते डोंग्यात बसून पुलाच्या तिसऱ्या खांबाशी गेले आणि उतरले. मी पुलावर, दोर हातात.

पहिला झटका ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला उत्तर नाही.

मग चार आले. एकामागून एक, जोरात.

मी ओढलं. दोर येईना. दोन पोलीस धावले, आमचा मेकॅनिक धावला, आम्ही चौघांनी ओढलं. दोर ताठ झाला, पण खालून काही हलेना. आणि मग दोन झटके आले. पुन्हा दोन. ढील द्या. ढील द्या. पोलीस ओरडत होते, ओढा, माणूस मरते! मी त्यांच्या हातांवर मारलं. अक्षरशः मारलं. “सोडा! तो सोडा म्हणतोय!” दोर सैल सोडला आणि पुढचा वेळ मी कसा काढला ते मला आजही सांगता येत नाही. मी आयुष्यात बरोबर केलेल्या गोष्टी थोड्या आहेत, त्यातली ती एक. आणि ती करायची वेळ माझ्यामुळेच आली होती.

ते वर आले ते सिलिंडरशिवाय. नाकातून रक्त. डोंगा चालवणाऱ्या ढिवरांनी त्यांना आत ओढून घेतलं. तळाशी मूर्तींचे बांबूचे सांगाडे, लुगडी, सुतळ्या यांत कोणाचं तरी नायलॉनचं जाळं गुंतलं होतं, त्यात ते सापडले. आम्ही ओढलं तसं जाळं आणखी आवळलं. चाकू हाताला सापडला, पण निघाला नाही. कच्चं सूत पाण्यात फुगलं होतं आणि गाठ दगडासारखी झाली होती. शेवटी हवेसकट सगळं अंगावरून सोडून, जाळ्यातून सरपटत निसटले. त्या तरुणाचं शरीर तिसऱ्या दिवशी खालच्या गावाशी आपोआप वर आलं.

घाटाच्या पायरीवर बसून भाऊंनी पोटरीचं म्यान सोडलं आणि मांडीवर घेतलं. लाल रंग त्यांच्या बोटांना लागला. शेजारी कोणीतरी ब्लेड पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. नखांनी, सावकाश, ती गाठ त्यांनी सोडवली. पाच मिनिटं तरी लागली असतील. मग वर पाहिलं. समोर आम्ही होतो, शिपाई, मेकॅनिक, ओव्हरसियर आणि मी.

“कोणं बांधला?”

आवाज चढलेला नव्हता. शिपाई म्हणाला, “पूजेत बांधला असन कोणी.” मेकॅनिक म्हणाला, “मी नाही जी.” ओव्हरसियरने मान हलवली. मी फक्त उभा राहिलो. त्यांनी तो दोरा नदीत टाकला आणि उठले.

अहवालात त्यांनी लिहिलं, ‘जाळ्यात अडकलो. सिलिंडर खाली आहे. काढून आणीन.’ एवढंच.

पुढच्या महिन्यात धरणावर काम निघालं. सगळं चढवून झालं, हात अंगावरून फिरले. आता प्रत्येक वेळी ते चाकू बाहेर काढून पाहत आणि परत घालत. नेहमीप्रमाणे मी दोरासाठी हात पुढे केला. ते माझ्या बाजूने पुढे गेले. दाराजवळच्या लोखंडी कठड्याला त्यांनी दोर बांधला, दोनदा हिसडून पाहिला.

“बाबू, तुमी सावलीत बसा.”

रागाने नाही हो. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. घरच्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले.

त्यानंतर आठ वर्षं दोर कठड्याला राहिला. पूल असो, धरण असो, तलावाची तूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी असो. लोखंड सापडलं नाही तर झाडाला. मेकॅनिकने एकदा आपण होऊन हात पुढे केला, त्यालाही “राहू द्या” म्हणाले. ऑफिसात बोललं जाऊ लागलं की भाऊंचा आता माणसावर भरोसा राहिला नाही. मीही तेच समजलो. माझ्या एकट्याच्या पापासाठी सगळ्या मनुष्यजातीला शिक्षा झाली, असं मला वाटे. आणि त्यात, खोटं कशाला बोलू, थोडी सुटकाही वाटे. सगळ्यांवरच भरोसा नाही, म्हणजे माझ्या एकट्यावर संशय नाही.

बाकी काही बदललं नाही. आम्ही चहा एकत्र घ्यायचो. ते माझ्या मुलीच्या बारशाला आले होते आणि पाळण्याचा गोंडा लोंबत होता तो त्यांनी वर गुंडाळून ठेवला. बायको म्हणाली, किती मायेचा माणूस आहे! मी आत जाऊन पाणी प्यायलो.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एका संध्याकाळी ऑफिसच्या ओट्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. मी धीर केला आणि म्हणालो, “भाऊ, तो दोरा मी बांधला होता.” सगळं वाक्य, स्पष्ट. पण मी बसलो होतो त्यांच्या डाव्या बाजूला. मुद्दाम बसलो होतो. ते समोर रस्त्याकडे पाहत होते, तसेच पाहत राहिले. मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, आज एक काम उरकलं. माणूस स्वतःला किती फसवू शकतो, हे पाहायचं तर फार लांब जायला नको. कोणत्याही ऑफिसात एक कारकून शोधा.

ऐंशी साल ओलांडून पाच-सहा वर्षं झाली तेव्हा ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, तीन भाषणं. मी एक भाषण केलं, फार चांगलं झालं म्हणे. त्यांची जागा खात्याने भरली नाही. नागपूरहून गरज पडेल तेव्हा माणसं बोलवायची असं ठरलं. पुढच्या दिवाळीला भांडाराला चुना मारला गेला.

ते कोंढ्याला भावाकडे राहायला गेले. गुडघे गेले होते, आयुष्यभर खोल पाण्यात उतरल्याचं ते देणं. मी दोन वर्षं जाऊ-जाऊ म्हणत काढली. तिसऱ्या वर्षी, धान कापणीला आलं होतं तेव्हा, पवनीची एसटी धरली. त्यांच्या भावाच्या अंगणात खाटेवर बसले होते. मला पाहून हसले, भावजयीला चहा सांगितला. मी खाटेच्या उजव्या बाजूला बसलो. चहा यायच्या आधीच बोललो, नाही तर पुन्हा राहिलं असतं.

“भाऊ, चाकूचा दोरा मी बांधला होता.”

“मालूम आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. गाठ सोडली ना म्या. फायलीची गाठ होती. हापिसात तशी गाठ तुमीच मारता, डावीकडून वळवून, टोक आत खोचून.”

“मग तेव्हाच बोलला का नाही? मला झोडपायचं होतं चारचौघांत!”

“मी कायले बोलू? बांधला तुमी, त बोलाचं तुमी. आज बोलतीन, उद्या बोलतीन, अशी वाट पाहून राहिलो.”

“आणि दोर? मेकॅनिक मागत होता. त्याला का दिला नाही?”

ते जरा चकित झाले. ही काय विचारायची गोष्ट, असा चेहरा. “त्याले कसा देऊ? दोर तुमचा होता ना. तुमी बोलले असते त त्याच दिवशी हातात देल्ला असता.”

भावजयीने चहा आणला. मी रडलो. चाळिशीला टेकलेला माणूस, परक्या अंगणात, हातात बशी घेऊन. त्यांनी माझ्या हातातली बशी काढून बाजूला ठेवली आणि पाठीवर हात ठेवला. “बोलले ना आता. झालं,” म्हणाले. तेवढ्यात त्यांनी माफ करून टाकलं. आणि ती माफी आता वापरायला जागाच उरली नव्हती. पाणी नाही, गुडघे नाहीत, नोकरी नाही.

पुढच्याच थंडीत ते गेले. मला पत्र मिळालं ते दोन महिन्यांनी. तेराव्याला वगैरे जायचा प्रश्न नव्हता, त्यांच्यात तसलं नसतं. मी गेलो असतो तरी तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

पण मी भेटायला गेलो त्या दिवशी मला पोचवायला ते काठी टेकत गावच्या बस-फाट्यापर्यंत आले होते. एसटीला उशीर होता. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं धान. मग मी, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, “भाऊ, कठडा पक्का होता ना पण? माझ्यापेक्षा बराच.”

“पक्का होता. कायचा पक्का, लोखंडच ते,” ते म्हणाले. मग काठीने रस्त्यावरची माती उकरत राहिले.

“फक्त विचारत नव्हता, बाबू. तुमी विचारत होते ना, ठीक का म्हणून. तसं तो विचारत नव्हता. खाली अंधार रायते. टाइम कळत नाही. आता झटका येईन, आता येईन असं वाटे. मंग मीच एक झटका देऊन पाहो वर. सवयीनं.”

एसटी आली. मी चढलो, खिडकीत बसलो, ते हात हलवत लहान होत गेले.

आठ वर्षं. किती वेळा उतरले असतील, किती झटके दिले असतील, मी कधी मोजू शकणार नाही. त्यातल्या प्रत्येक वेळी मी तिथेच होतो. वीस पावलांवर, झाडाखाली, त्यांनी सांगितलं तसा सावलीत बसून.